ॲनालॉग सिग्नलच्या वायरिंगमधला नॉइज: आधी वाट शोधा, मग उपाय करा

मल्टिमीटर डीसी रेंजवर लावला की आकडा स्थिर दिसतो, पण त्याच टर्मिनलवरून डेटा लॉगरला गेलेलं रीडिंग मात्र नाचत राहतं. मग संशय लॉगरवर जातो, आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. चांगला मल्टिमीटर मेन्सच्या (म्हणजे वीजपुरवठ्याच्या) पूर्ण सायकलींवर सरासरी काढूनच आकडा दाखवतो, त्यामुळे ५० हर्ट्झचा गोंगाट, म्हणजेच नॉइज, त्यात आपोआप पुसला जातो. तोच मीटर एसी मिलिव्होल्ट रेंजवर टाका, म्हणजे त्याच दोन टर्मिनलांवर काय चाललंय ते दिसेल. ऑसिलोस्कोप (स्कोप) असेल तर उत्तमच.

नॉइज दिसला की शिल्डेड केबल (वायरींभोवती शिल्ड, म्हणजे धातूचं आवरण असलेली) टाकायची, शिल्ड दोन्ही टोकांना अर्थ करायचं, दोन फेराइट (केबलवर चढवायचे चुंबकीय मणी) चिकटवायचे आणि नशिबावर सोडायचं, ही पद्धत फार चालते. यातला प्रत्येक उपाय एका ठरावीक वाटेवर चालतो, दुसऱ्या वाटेवर निरुपयोगी असतो आणि तिसऱ्या वाटेवर चक्क त्रास वाढवतो. म्हणून नॉइज कुठून शिरतोय ते आधी ठरवावं लागतं. त्याला अर्धा तास पुरतो.

किती नॉइज चालेल?

के टाइप थर्मोकपल (दोन धातूंच्या जोडाचा तापमान सेन्सर) एका अंश सेल्सिअसला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतो. २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट रेटिंगचा लोडसेल (वजन मोजणारा सेन्सर) १० व्होल्टवर चालवला तर पूर्ण वजनाला जेमतेम २० मिलिव्होल्ट मिळतात. त्यात हजारात एक इतकी अचूकता हवी तर २० मायक्रोव्होल्टचा हिशोब ठेवावा लागेल. उलट ० ते ५ व्होल्ट देणारा प्रेशर ट्रान्समीटर १०-बिट एडीसीला (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या सर्किटला) जोडला असेल तर एक पायरीच जवळपास ४.९ मिलिव्होल्टची असते. तिथं २ मिलिव्होल्टच्या नॉइजमागे दिवस घालवण्यात अर्थ नाही. आधी कागदावर सिग्नलचा आकार, हवी ती अचूकता आणि एडीसीची पायरी हे तीन आकडे लिहा.

वाट शोधण्याची चाचणी

प्रत्येक पायरीला एक-दोन मिनिटांची रीडिंग्ज नोंदवा आणि कमाल वजा किमान हा फरक लिहून ठेवा. आजूबाजूची यंत्रं नेहमीसारखी चालू असू द्या. सगळं बंद करून घेतलेल्या चाचणीला किंमत नाही.

१. फील्ड केबल काढा. इनपुटच्या प्लस आणि मायनस टर्मिनलांना दोन सेंटिमीटरपेक्षा छोट्या वायरने एकत्र जोडा, आणि इनपुट डिफरेन्शियल (दोन वायरींमधला फरक मोजणारा) असेल तर तीच जोडणी ॲनालॉग कॉमनलाही द्या. इथे मिळालेला फरक म्हणजे उपकरणाचा स्वतःचा तळ. तोच जास्त असेल तर वायरिंगला हात लावू नका. उपकरण तात्पुरतं बॅटरीवर चालवून पाहा. फरक पडला तर दोष सप्लायचा.

२. इनपुटवरचा शॉर्ट आणि कॉमनला दिलेली वायर काढा आणि केबल पुन्हा जोडा. इनपुट डिफरेन्शियल असेल तर मायनसवरून ॲनालॉग कॉमनला १०० किलोओम ते १ मेगाओमचा रेझिस्टर द्या, कारण पुढे ग्राउंड लूपच्या भागात आहे. सेन्सर सोडवून सेन्सरच्या टोकाला दोन्ही वायर एकमेकींना जोडा. इथे नॉइज वाढला तर तो चुंबकीय क्षेत्रातून लूपमध्ये येतोय.

३. तो शॉर्ट काढून सेन्सरएवढ्या किमतीचा रेझिस्टर लावा: पीटी-१०० (प्लॅटिनमचा तापमान सेन्सर) साठी १०० ओम, नेहमीच्या लोडसेलसाठी ३५० ओम. दुसऱ्या पायरीपेक्षा नॉइज वाढला तर विद्युत क्षेत्रातून, म्हणजे शेजारच्या वायरशी असलेल्या कपॅसिटन्समधून शिरकाव आहे.

४. सेन्सर जोडा, पण यंत्रावर न बसवता लाकडाच्या तुकड्यावर ठेवा. शांत आहे? आता बसवा. बसवल्या क्षणी बिघडलं तर ग्राउंड लूप, म्हणजे दोन ठिकाणी ग्राउंड झाल्याने तयार झालेली वाट.

५. आता शेजारची यंत्रं एकेक बंद करा: ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं उपकरण), कॉन्टॅक्टर (मोठा पॉवर रिले), वेल्डिंग, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर.

स्कोपवर फ्रिक्वेन्सीही खूप काही सांगते. ५० किंवा ६० हर्ट्झ म्हणजे थेट मेन्स. त्याच्या दुप्पट असेल तर रेक्टिफायरचा रिपल. काही किलोहर्ट्झ असेल तर बहुधा मोटर ड्राइव्हचं स्विचिंग. आणि मधूनच एखादा उंच टोकदार पल्स येत असेल तर कुठली तरी कॉइल उघडते आहे.

चुंबकीय वाट: लूपचं क्षेत्रफळ

एकट्या तारेतून १० अँपिअर वाहत असतील तर १० सेंटिमीटरवर सुमारे २० मायक्रोटेस्ला क्षेत्र असतं. तुमच्या सिग्नलच्या दोन वायर ५ मीटर लांब आणि एकमेकींपासून २ सेंटिमीटर दूर अशा समांतर गेल्या असतील तर लूपचं क्षेत्रफळ ०.१ चौरस मीटर. ५० हर्ट्झला या लूपमध्ये ०.६ मिलिव्होल्टच्या आसपास एसी तयार होतो. ० ते १० व्होल्टच्या सिग्नलला तो जाणवणारही नाही. के टाइप थर्मोकपलच्या हिशोबात मात्र हे १५ अंश आहेत.

साधं तांब्याचं किंवा ॲल्युमिनियम फॉइलचं शिल्ड या क्षेत्राला ५० हर्ट्झवर जवळजवळ अडवत नाही. उपाय दोनच: लूप लहान करा किंवा अंतर वाढवा. ट्विस्टेड पेअरमध्ये (एकमेकींभोवती पीळ दिलेल्या दोन वायरींत) शेजारच्या दोन पिळांत उलट दिशेचा व्होल्टेज तयार होतो आणि ते एकमेकांना खातात. पीळ जितका घट्ट तितकं चांगलं, आणि टर्मिनलपाशी तो दीड-दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. सुबक दिसावं म्हणून पॅनेलमध्ये अर्धा मीटर पीळ सोडून वायरी समांतर बसवलेल्या पुष्कळ ठिकाणी दिसतात. दिसायला छान, पण केबलवर खर्च केलेले पैसे तिथंच वाया.

मल्टिपेअर केबलमध्ये आणखी एक चूक सहज होते. प्लस एका जोडीतली वायर आणि मायनस दुसऱ्या जोडीतली. बीप लावून तपासलं तर सगळं बरोबर. पीळ मात्र कागदावरच. केबलमध्ये वायरी कमी पडल्या म्हणून आठ चॅनेलांना मिळून एकच रिटर्न वायर देणं ही त्याचीच मोठी आवृत्ती.

पॉवरच्या बाजूनेही हाच नियम लावा. फेज आणि न्यूट्रल एकत्र, शक्यतो पीळ देऊन न्या. दोघांची क्षेत्रं एकमेकांना मारतात आणि अंतराबरोबर क्षेत्र फार लवकर विरतं. फेज एका डक्टमधून आणि न्यूट्रल दुसऱ्या डक्टमधून गेलेली जागा सापडली तर बहुधा तुमचा गुन्हेगार तिथंच आहे.

विद्युत क्षेत्राची वाट: इथे शिल्ड लागतं

२३० व्होल्ट, ५० हर्ट्झची वायर आणि तुमची सिग्नल वायर एकाच डक्टमधून काही अंतर गेल्या आणि त्यांच्यात ५० पिकोफॅरड कपॅसिटन्स तयार झाला असं धरा. त्यातून ३.६ मायक्रोअँपिअर वाहतात. सिग्नल सोर्स १०० ओमचा असेल तर यातून ०.३६ मिलिव्होल्ट नॉइज होतो, १० किलोओमचा असेल तर ३६ मिलिव्होल्ट आणि १ मेगाओमचा असेल तर तब्बल ३.६ व्होल्ट. म्हणून जास्त इम्पीडन्सच्या (एसीला जास्त रोध असलेल्या) सेन्सरला, उदाहरणार्थ पीएच प्रोबला, बफर (सिग्नलला बळ देणारा ॲम्प्लिफायर) सेन्सरच्या डोक्यावरच बसवायचा असतो. लांब केबल टाकून पुढे बघू म्हणून चालत नाही.

या वाटेवर शिल्ड उत्तम काम करतं, पण नीट जोडलं तरच. कमी फ्रिक्वेन्सीच्या मोजमापात ते एकाच टोकाला ग्राउंड करा. कुठल्या टोकाला? सिग्नल स्वतः जिथं ग्राउंड झालाय तिथं. टोक उघडं किंवा शीथला वेल्ड केलेला थर्मोकपल यंत्राच्या धातूला टेकतो, तेव्हा शिल्ड सेन्सरच्या बाजूला. सेन्सर तरंगता, म्हणजे कुठेच ग्राउंड न झालेला, असेल तर उपकरणाच्या बाजूला.

दुसरं टोक नुसतं न जोडणं पुरेसं नसतं. फॉइल आणि ड्रेन वायर (फॉइलला लागून असलेली उघडी तार) बाहेरच्या आवरणालगत कापा आणि वर ३ ते ४ सेंटिमीटर श्रिंक स्लीव्ह चढवा. नाहीतर एखादी बारीक तार ग्लँडला (केबल पॅनेलमध्ये शिरते तिथल्या धातूच्या कडीला) टेकते आणि कागदावर एका टोकाला असलेलं अर्थ प्रत्यक्षात दोन टोकांना होतं. असा दोष पावसाळ्यात येतो आणि उन्हाळ्यात जातो, त्यामुळे शोधणं जिवावर येतं. तपासणी सोपी आहे: जोडलेल्या टोकाची ड्रेन वायर सोडवा आणि शिल्ड ते अर्थ रेझिस्टन्स मोजा. मेगाओममध्ये यायला हवा.

मधल्या जंक्शन बॉक्समध्ये प्रत्येक केबलचं शिल्ड स्वतःच्या वेगळ्या टर्मिनलवरून पुढच्या केबलच्या शिल्डला जोडा. सगळी शिल्ड एकत्र करून बॉक्सच्या बॉडीला ठोकायची नाहीत.

रेडिओ ट्रान्समीटर किंवा ड्राइव्ह जवळ असेल आणि त्रास मेगाहर्ट्झमधला असेल तर एका टोकाचं अर्थ पुरत नाही. तेव्हा तरंगत्या टोकाला शिल्ड ते चासिस असा १० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा, पाय एक सेंटिमीटरच्या आत. मेन्सला तो उघडं सर्किट वाटतो, रेडिओ फ्रिक्वेन्सीला शॉर्ट. जोडलेल्या टोकालाही ड्रेन वायरची शेपटी लांब ठेवू नका. ५ सेंटिमीटर वायरचा इंडक्टन्स ५० नॅनोहेन्रीच्या घरात असतो आणि ३० मेगाहर्ट्झला तो ९ ओमच्या पुढे जातो. केबलच्या परिघाला सगळीकडून पकडणारा मेटल क्लॅम्प त्याहून कितीतरी बरा.

एकाच वायरवरून दोघांची ये-जा

छोट्या प्रोजेक्टांत सर्वात जास्त त्रास याच वाटेने होतो, आणि इथं शिल्डचा काही संबंधच नसतो. ०.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स मीटरला ३४ मिलिओम. अशी ३ मीटर ग्राउंड वायर सेन्सर आणि रिले बोर्ड दोघांनी वाटून घेतली आणि रिले ०.५ अँपिअर खेचू लागले, की त्या वायरवर ५० मिलिव्होल्ट पडतात. ५ व्होल्टच्या १०-बिट एडीसीवर हे सरळ दहा पायऱ्या. रिले ओढला की तापमान वाढतं आणि सोडला की उतरतं, ही तक्रार ऐकली की इथंच पाहा.

पडताळणी करायची तर मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून एक प्रोब सेन्सरच्या ग्राउंडवर आणि दुसरा एडीसीच्या ग्राउंडवर लावा. मग रिले चालू-बंद करा. आकडा हलला की सिद्ध झालं.

सेन्सरचा रिटर्न थेट एडीसीच्या ॲनालॉग ग्राउंडला स्वतंत्र वायरने न्या. रिले, मोटर, बझर यांचा रिटर्न थेट सप्लायच्या मायनसला. दोघांची भेट सप्लायपाशी एकाच बिंदूवर. जाड वायर टाकून रेझिस्टन्स निम्मा होईल, पण वाट वेगळी केली तर नॉइजचं कारणच जातं. सेन्सरच्या प्लस लाइनवर स्विचिंग सप्लायचा रिपल येत असेल तर मालिकेत १० ओम आणि सेन्सरपाशी १०० मायक्रोफॅरड लावा. कट-ऑफ, म्हणजे ज्याच्या वरचा नॉइज फिल्टर अडवू लागतो ती फ्रिक्वेन्सी, साधारण १६० हर्ट्झ येते. सेन्सर १० मिलिअँपिअर घेत असेल तर १० ओमवर फक्त ०.१ व्होल्ट जातो.

ग्राउंड लूप

दोन लांबच्या अर्थ बिंदूंमध्ये शेकडो मिलिव्होल्ट ते काही व्होल्ट एसी सहज असतो. सेन्सर एका ठिकाणी आणि उपकरण दुसऱ्या ठिकाणी ग्राउंड झालं की हा फरक थेट सिग्नलमध्ये मिसळतो.

लूप तोडायला उपकरणाच्या प्लगची अर्थ पिन कापणारे लोक आहेत. हे कधीही करू नका. ती सुरक्षेची वायर आहे. इन्सुलेशन फुटलं तर बॉडीवर मेन्स येईल. लूप सिग्नलच्या बाजूने तोडायचा: शीथपासून इन्सुलेटेड जंक्शनचा थर्मोकपल घ्या, डिफरेन्शियल इनपुट वापरा किंवा सिग्नल आयसोलेटर बसवा.

डिफरेन्शियल इनपुटचा हिशोब पाहा. आयएनए१२८ सारख्या इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायरची कॉमन-मोड रिजेक्शन (दोन्ही वायरींवर सारखा आलेला व्होल्टेज नाकारण्याची क्षमता) १०० डेसिबल धरली तर दोन्ही वायरींवर आलेला १ व्होल्ट फक्त १० मायक्रोव्होल्टची चूक करतो, म्हणजे थर्मोकपलवर पाव अंश. पण त्यासाठी दोन्ही पाय सारखे हवेत. एका पायात १ किलोओम जास्त घातला की ही सगळी कमाई गळते. शिवाय तरंगता सेन्सर डिफरेन्शियल इनपुटला जोडताना मायनस पायातून ॲनालॉग ग्राउंडला १०० किलोओम ते १ मेगाओमचा रेझिस्टर द्यावाच लागतो, नाहीतर इनपुटचा बायस करंट (इनपुटला स्वतःला लागणारा अगदी छोटा करंट) जायला वाट राहत नाही आणि रीडिंग हळूहळू एका टोकाला जाऊन चिकटतं. सेन्सर आधीच ग्राउंड असेल तर हा रेझिस्टर नको.

फिल्टर आणि सरासरी

डिफरेन्शियल इनपुटसाठी चालणारी मांडणी: दोन्ही पायांत मालिकेत १० किलोओम, १ टक्का टॉलरन्सचे, दोन पायांच्या मध्ये १ मायक्रोफॅरड फिल्म कपॅसिटर, प्रत्येक पायातून ग्राउंडला १० नॅनोफॅरड. मधला कपॅसिटर बाजूच्या कपॅसिटरांच्या किमान दहापट ठेवायचा, म्हणजे बाजूच्यांतला फरक झाकला जातो. कट-ऑफ ८ हर्ट्झच्या जवळ येतो. ५० हर्ट्झ यातून सहापट कमी होतो, त्याहून जास्त नाही. सहापट पुरेसं नसेल तर बाकीचं काम सरासरीने करायचं.

सरासरी मेन्सच्या पूर्ण सायकलींवर असली पाहिजे. ५० हर्ट्झला २० मिलिसेकंदांच्या पटीत. १०० मिलिसेकंद घेतले तर त्यात ५० हर्ट्झच्या पाच आणि ६० हर्ट्झच्या सहा सायकली बरोबर बसतात, दोन्ही पुसले जातात. उदाहरणार्थ, दर २.५ मिलिसेकंदांनी ४० रीडिंग्ज. लोडसेलसाठी वापरतात ती एचएक्स७११ चिप १० रीडिंग प्रति सेकंद या वेगाला हेच आतल्या आत करते. तिचा वेग ८० वर नेला की ही सोय जाते, आणि मग वजन का थरथरतंय असं विचारलं जातं.

सेकंदाला फक्त १० नमुने घेतले आणि पुढे फिल्टर नसला तर काय होतं? मेन्स ५०.१ हर्ट्झवर असेल तेव्हा नमुन्यांत १० सेकंदांची संथ लाट दिसते. ती हुबेहूब खऱ्या तापमानबदलासारखी असते, आणि एकदा नमुन्यांत उतरली की सॉफ्टवेअरने काढता येत नाही. फिल्टर एडीसीच्या आधीच हवा.

मूळ जागेवर उपाय

डीसी रिलेच्या कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावा, पट्टीची बाजू प्लसला. डायोडमुळे रिले सुटायला थोडा जास्त वेळ घेतो, बहुतेक ठिकाणी चालतं. एसी कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर १०० ओम आणि ०.१ मायक्रोफॅरड मालिकेत. कपॅसिटर एक्स-२ (मेन्सवर लावण्यासाठी बनवलेल्या) वर्गाचाच. ही जोडी, म्हणजे स्नबर, रिलेच्या कॉन्टॅक्टवर लावण्यापेक्षा थेट कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर लावलेली बरी, कारण कॉन्टॅक्टवर लावल्यास कॉन्टॅक्ट उघडा असतानाही २३० व्होल्टला सुमारे ७ मिलिअँपिअर गळत राहतात. छोटा इंडिकेटर मिणमिणतो, हलका रिले सुटतच नाही.

ड्राइव्ह ते मोटर केबल शिल्डेड घ्या आणि तिचं शिल्ड मात्र दोन्ही टोकांना, परिघाभर क्लॅम्प करून जोडा. सिग्नल केबलचा नियम इथे उलटा होतो, कारण ड्राइव्हच्या उच्च फ्रिक्वेन्सीच्या करंटला परत यायला जवळची वाट द्यायची असते. सिग्नल केबल पॉवर केबलपासून किमान ३० सेंटिमीटर, ड्राइव्हच्या केबलपासून शक्य तेवढी जास्त लांब. ओलांडावंच लागलं तर काटकोनात. फेराइटबद्दल: तो मेगाहर्ट्झचा उपाय आहे, दोन्ही सिग्नल वायर मिळून एकाच छिद्रातून न्यायच्या. ५० हर्ट्झवर तो फक्त वजन वाढवतो.

नॉइजसारखं दिसणारं पण नॉइज नसलेलं एक प्रकरण मल्टिप्लेक्स्ड (अनेक चॅनेल आळीपाळीने वाचणाऱ्या) एडीसीत असतं. एका चॅनेलचा व्होल्टेज बदलला की शेजारच्याचा आकडाही थोडा सरकतो. आतला सॅम्पलिंग कपॅसिटर पुरता भरायला वेळ मिळालेला नसतो. अटमेगा३२८ (अर्डुइनो उनोवरची चिप) साठी सोर्स १० किलोओमपर्यंत असावा असं उत्पादकच सांगतो. चॅनेल बदलल्यावर पहिलं रीडिंग फेकून द्या, किंवा पिनपाशी ०.१ मायक्रोफॅरड लावा. न वापरलेले इनपुट ग्राउंडला जोडून टाका.

एवढं सगळं करूनही केबल लांब असेल आणि परिसर गोंगाटाचा असेल तर व्होल्टेज पाठवणंच सोडा. सेन्सरपाशी ४ ते २० मिलिअँपिअरचा ट्रान्समीटर बसवा, केबल तीच ट्विस्टेड शिल्डेड, शिल्ड एका टोकाला, आणि उपकरणाच्या टर्मिनलवर २५० ओम, ०.१ टक्का टॉलरन्सचा रेझिस्टर. त्यावर १ ते ५ व्होल्ट मिळतात, वायरच्या रेझिस्टन्सने करंट बदलत नाही, आणि वायर तुटली तर आकडा ४ मिलिअँपिअरच्या खाली पडल्याने ते लगेच कळतं.